इंग्रजी साहित्याच्या नेट परीक्षेसाठी उजळणीची साधने : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी नोकरी सांभाळून इंग्रजी विषयाच्या नेट परीक्षेची (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) तयारी करत आहे. सकाळी कनिष्ठ महाविद्यालयातले तास आटोपले की, टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळपर्यंत बसायचे, असा माझा क्रम आहे. या काळात वापरलेल्या साधनांपैकी उजळणीच्या वेळी खरोखर कोणती उपयोगी पडली, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मी बहुतेकांप्रमाणे झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार नोट्सपासून केली आणि पहिले दोन महिने त्यांच्या पाठांतरात घालवले. वर्ड्‌स्वर्थची ‘लिरिकल बॅलड्स’ या कोलरिजसोबतच्या कवितासंग्रहाची प्रसिद्ध प्रस्तावना १७९८ सालची आहे, असे त्यांत छापले होते आणि मीही ते तसेच पाठ केले होते. प्रत्यक्षात १७९८ च्या पहिल्या आवृत्तीला, जिच्यावर कवींची नावेही नव्हती, केवळ एक छोटे निवेदन जोडलेले होते. प्रस्तावना १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीत आली आणि १८०२ मध्ये ती वाढवली गेली. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर १७९८ आणि १८०० या दोन्ही आवृत्त्या मोफत वाचता येतात. त्या शेजारी शेजारी उघडून पाहिल्यावर हा फरक पुन्हा पाठ करावा लागला नाही. कालानुक्रम लावा आणि जोड्या जुळवा हे प्रश्न नेटमध्ये हमखास येत असल्यामुळे अशी एक चूक दोन-तीन प्रश्नांना भोवू शकते.

सर्वाधिक उपयोग झाला तो इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरील एम. ए. इंग्रजीच्या अभ्याससाहित्याचा. ब्रिटिश काव्य, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि सिद्धान्त असे स्वतंत्र संच असून प्रत्येक घटकात मधूनमधून स्वतःला तपासण्यासाठी प्रश्न दिलेले आहेत. मात्र हे सावकाश वाचण्याचे साहित्य आहे, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते प्रथमच उघडणाऱ्याचा गोंधळच होईल.

घटक वाचून झाला की मी फाइल बंद करते आणि अर्ध्या पानात तो मराठीत लिहून काढते. इंग्रजीत लिहिताना वाचलेलीच वाक्ये हातातून उतरतात आणि समजल्याचा भास होतो. मराठीत ती सोय नसते. कवी-समीक्षक टी. एस. एलियटने १९१९ मध्ये ‘हॅम्लेट’वरील निबंधात मांडलेली ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’ ही संकल्पना मला इंग्रजीत तोंडपाठ होती, पण मराठीत लिहायला घेतल्यावर पेन अडला. भावना नुसती सांगून टाकायची नाही, तर जिच्यामुळे ती वाचकाच्या मनात जागी होईल अशी वस्तू, प्रसंग किंवा घटनांची साखळी उभी करायची, इथपर्यंत आले आणि एकदम आपल्या कुसुमाग्रजांची ‘कणा’ आठवली. पुराने घर धुऊन नेलेला तो विद्यार्थी सरांसमोर दुःखाचे वर्णन करत बसत नाही. तो खचलेली भिंत आणि विझलेली चूल सांगतो. त्या दिवसापासून ही संकल्पना माझ्या पक्की लक्षात राहिली.

शेक्सपिअरसाठी फोल्जर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील मोफत संहिता पुरेशा आहेत. ‘हॅम्लेट’मध्ये कोणत्या ओळी कोणत्या जुन्या प्रतीतून घेतल्या आहेत हे तेथे कंसांनी दाखवलेले असल्यामुळे १६०३ ची पहिली क्वार्टो (एकाच नाटकाची लहान आकाराची छापील प्रत), त्यानंतरची दुसरी आणि १६२३ चा फोलिओ (नाटकांचा मोठ्या आकाराचा एकत्रित संग्रह) यांची गल्लत होत नाही.

नेट घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावरील जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मी सहाव्या महिन्यात हाती घेतल्या, आणि हा उशीर मला फार महागात पडला. विषयाच्या दुसऱ्या पेपरमध्ये १०० प्रश्न आणि २०० गुण असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि दोन्ही पेपर मिळून तीन तास असतात, हे मला माहीत होते. पण भाषा व अध्यापन, भारतातील इंग्रजी, सांस्कृतिक अभ्यास आणि संशोधनपद्धती हे अभ्यासक्रमाच्या दहा घटकांपैकी चार आहेत, याचे भान प्रश्नपत्रिका सोडवतानाच आले. काव्य आणि नाटक आवडते म्हणून मी तिकडेच रमले होते. आता दर रविवारी घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका सोडवते, चुकलेला प्रत्येक प्रश्न ज्या घटकातला असेल त्या घटकाच्या पानावर वहीत उतरवते, आणि सोमवारी वाचनालयात सर्वांत भरलेले पान आधी उघडते. सध्या ते पान संशोधनपद्धतीचे आहे.