१२० की २०० लिटर? पॉवर पॅकच्या टाकीचा हिशोब

हायड्रॉलिक पॉवर पॅक म्हणजे तेलाची टाकी, पंप आणि मोटर यांचा संच. समजा, मिनिटाला ४० लिटर तेल देणारा पंप, त्यावर चालणारा एक साधा प्रेस. टाकी १२० लिटरची घ्यायची की २०० ची?

जागेवर बसवलेल्या मशीनसाठी पंपाच्या मिनिटाच्या प्रवाहाच्या तिप्पट ते पाचपट टाकी धरतात. म्हणजे दोन्ही आकडे नियमात बसतात! फरक आहे तो तेलाच्या विश्रांतीत. लहान टाकीत तेल साधारण ३ मिनिटांत फिरून येतं, मोठीत ५. हवेचे बुडबुडे वर यायला आणि कचरा तळाशी बसायला ही जास्तीची दोन मिनिटं फार मोलाची.

प्रेसचा सिलिंडरही मोजा, म्हणजे तेलाच्या दाबाने रॉड बाहेर ढकलणारा भाग. १४० मिमी व्यासाचा रॉड ५०० मिमी बाहेर आला की टाकीतलं जवळपास ८ लिटर तेल कमी होतं. १२० च्या टाकीत वर हवेसाठी १०-१५ टक्के जागा सोडली, तर उरतं १०५ च्या आसपास. चालून जातं, पण थोडी गळती झाली की सक्शन, म्हणजे पंपाचं तेल ओढणारं तोंड, उघडं पडण्याची धास्ती.

लहान टाकी जागा कमी खाते, तेल बदलायचा खर्चही कमी. दिवसातून चार-दोन तास काम असेल तर मी तीच घेईन. दोन पाळ्या, त्यात मे महिना आणि पत्र्याची शेड असेल तर २०० च. मात्र रिलीफ व्हॉल्व्हवरून (दाब जास्त झाला की तेल टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह) तेल सतत परत पडत असेल, तर मोठी टाकीही तापतेच, फक्त जरा उशिरा. तिथे कूलर लावा.