पॉज दाबला की वर्ष झाकलं जातं : शाळेतल्या व्हिडिओ पॅनलचा वर्षभराचा अनुभव

शाळेच्या पॅनलवरच्या व्हिडिओ पॅकचं नूतनीकरण करा, नाहीतर महिनाअखेर सेवा बंद होईल, असा मेसेज आला. रक्कम मागच्या वर्षीपेक्षा वाढलेली. ट्रस्टने विचारलं, "मॅडम, भरायचे का पैसे?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जो दोष सांगणार आहे तो इतर शाळांमधल्या वेगळ्या कंपन्यांच्या पॅनलवरही मी पाहिला आहे.

मी इंदूरला एका ट्रस्टच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ६५ इंची पॅनल, म्हणजे वर्गात लावायचा मोठ्या टीव्हीसारखा डिजिटल पडदा, आलं आणि सोबत सामाजिक शास्त्राचा एक वर्षाचा व्हिडिओ पॅक. चित्र उत्तम आहे, शेवटच्या बाकावरून नकाशातली नावं वाचता येतात, खिडकीतून ऊन आलं तरी पडदा ओढावा लागत नाही. आवाज चपटा वाटला म्हणून जेल रोडवरून साधा स्पीकर आणला आणि तो प्रश्न मिटला.

न मिटलेला प्रश्न एकच. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओ थांबवला की पडद्याच्या खालच्या भागात काळी पट्टी येते. त्या पट्टीत कंपनीचा लोगो आणि पुढचे व्हिडिओ सुचवणारे चौकोन. जोवर व्हिडिओ थांबलेला आहे तोवर पट्टी हलत नाही. आता जागतिक घडामोडींचा कुठलाही व्हिडिओ आठवून बघा. वर्ष, गावाचं नाव, बोलणाऱ्याचं नाव आणि पद, नकाशातल्या रंगांचा अर्थ, हिंदी सबटायटल, हे सगळं कुठे असतं? खालीच.

एवढ्याशा पट्टीचा इतका त्रास का, असं स्टाफरूममध्येही विचारलं गेलं. त्याचं कारण असं की सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना व्हिडिओ सलग दाखवला तर ती तो पाहतात आणि विसरतात. माझा तास उभा राहतो तो व्हिडिओ थांबतो तिथे.

बारावीच्या पुस्तकातला दोन ध्रुवांच्या, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन महासत्तांत वाटलेल्या जगाच्या अंताचा धडा बर्लिनच्या भिंतीपासून सुरू होतो. त्यासाठी मी ९ नोव्हेंबर १९८९ च्या पत्रकार परिषदेचा तुकडा दाखवते. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे गुंटर शाबोव्स्की प्रवासाचे नवे नियम जाहीर करतात. एक पत्रकार विचारतो, हे लागू कधीपासून? शाबोव्स्की हातातले कागद चाळतात. नियम दुसऱ्या दिवसापासून रीतसर अर्ज घेऊन लागू व्हायचे होते, पण हे त्यांच्यापर्यंत नीट पोचलेलंच नव्हतं. ते म्हणतात, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, विनाविलंब. त्या रात्री लोक भिंतीकडे लोटले आणि बोर्नहोल्मर श्ट्रासच्या नाक्यावर पहारेकऱ्यांना फाटक उघडावं लागलं. ऑगस्ट १९६१ पासून उभी असलेली भिंत अशी खुली झाली.

मी कागद चाळतानाच थांबवते. चष्मा, खाली वळलेली मान, हातातला कागद. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इनको पता ही नहीं था क्या?" या एका प्रश्नावर उरलेला पिरियड गेला. एका माणसाच्या गोंधळाने भिंत पडली का? मग मी त्याआधीचं फळ्यावर लिहिलं : हंगेरीने ११ सप्टेंबरला ऑस्ट्रियाकडची सीमा पूर्व जर्मन लोकांसाठी खुली केली, ९ ऑक्टोबरला लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे ७०,००० माणसं उतरली आणि सरकारने गोळी चालवली नाही. हे लिहिल्यावर तीच मुलगी म्हणाली की भिंत आधीच पोकळ झाली होती, यांनी फक्त तारीख चुकवली. पुस्तकातल्या कारणांच्या यादीतून हे वाक्य तिला सुचलं नसतं. आणि नेमक्या त्या चित्रावर, जिथे "तत्काल" हा शब्द खाली यायला हवा, तिथे कंपनीचा लोगो.

तक्रार नोंदवली. उत्तर आलं, "फीचर है मॅडम, खराबी नहीं." पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच. कंपनीकडून आलेल्या मुलाला मी तो तुकडा लावून दाखवला. त्यालाही पटलं, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

पॅकमधल्या मजकुराबद्दल माझं मत वर्षभरात बदलत गेलं. सुरुवातीला मी खूश होते. हिंदी निवेदन स्वच्छ, सुरक्षा परिषदेची रचना, १५ सदस्य, त्यातले ५ स्थायी, नकाराधिकार, सगळं छान आकृत्यांतून. पण पहिल्या चाचणीनंतर लक्षात आलं की मुलं निवेदकाची वाक्यं जशीच्या तशी उतरवत आहेत. मागे संगीत, वर गंभीर आवाज, आणि शेवटी निष्कर्षही तोच सांगतो. दहावीपर्यंत ठीक आहे. जे पुढच्या वर्षी मतदान करणार आहेत त्यांना तयार निष्कर्ष देणारे व्हिडिओ दाखवायला माझा जीव धजत नाही.

मग पावसाळ्यात पॅनलच बंद पडलं. वीज सारखी ये-जा करत होती, एका सकाळी पडदा उजळलाच नाही. तंत्रज्ञ म्हणाला पॉवर बोर्ड गेला, व्होल्टेजमुळे गेला, व्होल्टेज वॉरंटीत नाही. स्टॅबिलायझर त्यांच्याच माणसाने बसवला होता आणि त्याची सहीची पावती आमच्या फायलीत होती. ती दाखवल्यावरही व्हिजिट चार्ज मागितला. देणगीचा पैसा आहे, एक रुपयाही असा जाऊ द्यायचा नाही हे मी ठरवलं होतं. बरीच पत्रं गेली, शेवटी बोर्ड फुकट बदलून मिळाला. पावत्या जपा, एवढंच सांगते.

त्या मधल्या काळात मी जुना प्रोजेक्टर आणि शाळेचा लॅपटॉप काढला आणि व्हीएलसी प्लेयरवर व्हिडिओ लावले. तो मोफत आहे. स्पेस बार दाबला की चित्र थांबतं आणि पूर्ण पडद्यावर वर-खाली काही राहत नाही. ई दाबलं की एकेक चित्र पुढे सरकतं. शाबोव्स्कींचा कागद एकेका चित्राने उलगडताना वर्ग श्वास रोखून बघत होता. पॅनल दुरुस्त होऊन आल्यावर लॅपटॉप एचडीएमआयने त्यालाच जोडला आणि कंपनीचं अ‍ॅप उघडणंच सोडलं. तेव्हापासून पॅनलवर मी पूर्ण समाधानी आहे, आणि पॅकवर तितकीच नाराज.

खरं तर वर्षातले सगळ्यात चांगले तास फुकटच्या सामग्रीतून झाले. यूएन वेब टीव्हीवर संयुक्त राष्ट्रांच्या बैठका जशाच्या तशा पाहता येतात. रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं या ठरावावर २ मार्च २०२२ ला आमसभेत मतदान झालं, त्याचा फलक दाखवला : हिरवा म्हणजे बाजूने, लाल विरोधात, पिवळा तटस्थ. १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. कुणी निवेदक नाही, संगीत नाही. मुलांनी आधी भारत शोधला, तो पिवळ्यात. मग पाकिस्तान शोधला, तोही पिवळ्यात. वर्गात एकदम गलका. बांगलादेश आणि श्रीलंकाही तटस्थ, नेपाळ आणि भूतान मात्र बाजूने. शेजाऱ्यांचे रंग वेगळे का, हे मुलांनी स्वतः शोधून यायचं ठरवलं. संसद टीव्हीवरच्या चर्चा, स्वयंप्रभा या सरकारी उपक्रमाच्या शैक्षणिक वाहिन्या, याही फुकट आहेत, फक्त आधी बसून निवड करावी लागते आणि तो वेळ शिक्षकाचाच जातो.

समाजाच्या भागासाठी डॉलर स्ट्रीट ही साइट वापरते. जगभरातली घरं तिथे उत्पन्नाच्या क्रमाने मांडली आहेत : चूल, दात घासायचं साधन, झोपायची जागा, छोट्या क्लिपसह. देशापेक्षा उत्पन्न माणसाचं घर ठरवतं, हे मुलांना चुली बघून दोन मिनिटांत उमगतं.

आणि काही विषय तर इंदूरच्याच बाजारातून येतात. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात रोखली आणि २३ मे रोजी ती बंदी उठवली. बंदराच्या बातमीची क्लिप दाखवत होते. सियागंजमध्ये ज्याच्या घरचं दुकान आहे असा एक मुलगा उठला आणि त्या दिवसांत वडील रोज सकाळी तेलाचा भाव विचारायला कसे फोन करायचे ते त्याने सांगितलं. सूर्यफुलाचं तेल आपल्याकडे मुख्यतः युक्रेन आणि रशियातून यायचं, ते युद्धामुळे अडलेलं, त्यात पामतेल बंद. शेव-नमकीनच्या या शहरात जागतिकीकरणाचा धडा याहून जवळून शिकवता येणार नाही. माळव्यात एवढं सोयाबीन पिकूनही तेल बाहेरून का आणावं लागतं, हा प्रश्न त्यानेच विचारला.

दक्षिण आफ्रिकेच्या २७ एप्रिल १९९४ च्या मतदानाच्या रांगा दाखवल्या तेव्हाही असंच झालं. उंचावरून घेतलेलं दृश्य, मैदानात वळसे घेत गेलेली माणसांची ओळ. सर्व वंशांच्या लोकांना समान मताधिकार असलेली ती पहिली निवडणूक. एका मुलाने विचारलं की ते मत द्यायला एवढे उभे राहिले, मग आपल्या इंदूरमध्ये २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नोटाला २ लाख १८ हजारांहून जास्त मतं का पडली? इथल्या काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला होता, मग नकार हेही मत आहे का, यावर वर्गात दोन तट पडले. मी माझं मत सांगितलं नाही. त्यांनी तिथवर स्वतः पोचावं असं मला मनापासून वाटतं.

परदेशी व्हिडिओ लावणाऱ्यांना एक सूचना. भारताचा नकाशा आधी तपासा. काश्मीर अनेकदा तुटक रेषेत दाखवलेला असतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं हा आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी अधिकृत नकाशा भिंतीवर लावते आणि व्हिडिओतली रेषा वेगळी का आहे हे मुलांनाच सांगायला लावते. फोनवर फिरणाऱ्या युद्धाच्या क्लिपांचंही तसंच. युक्रेन युद्धाच्या वेळी आर्मा ३ या गेममधली दृश्यं खरी म्हणून पसरली होती. क्लिप थांबवायची, चित्राचा स्क्रीनशॉट घ्यायचा, इमेज सर्चमध्ये टाकायचा, हे आता माझी मुलं घरच्यांनाही शिकवतात. इथेही चित्र स्वच्छ थांबायला हवं, पट्टीसकट घेतलेला स्क्रीनशॉट शोधायला कच्चा पडतो.

पॅकच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगेन. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रमात केलेल्या काटछाटीत बारावीच्या पुस्तकातून शीतयुद्धाचा आणि अमेरिकी वर्चस्वाचा असे दोन धडे गेले. त्यांशिवाय सोव्हिएत संघाचं विघटन मुलांना अधांतरी वाटतं. पॅकमध्ये क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरचे आणि अलिप्ततावादावरचे भाग अजून आहेत आणि ते चांगले आहेत.

तरी ट्रस्टला मी नूतनीकरण करू नका असंच कळवलं. तेवढ्या पैशात चांगला इन्व्हर्टर येतो, आणि पावसाळ्यात त्याची गरज जास्त आहे. पट्टी घालवायची सोय कंपनीने दिली, तर शीतयुद्धाच्या भागांसाठी पैसे मागायला मी स्वतः ट्रस्टकडे जाईन. तुम्ही पॅनल घ्यायला जाल तेव्हा विक्रेता जे दाखवेल ते बघून झाल्यावर सबटायटल असलेला एक व्हिडिओ त्यांच्याच अ‍ॅपमध्ये लावायला सांगा, मध्येच थांबवा, आणि खालची ओळ वाचता येते का ते पाहा. ऑर्डर त्यानंतर.