आरटीईची जागा की झेडपीची शाळा? आधी नववीची फी विचारा

पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत मोफत प्रवेशाचा, फॉर्म भरायचा की सरळ जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालायचं, हा प्रश्न दर वर्षी सोडतीच्या सुमारास घरोघरी निघतो. बहुतेक घरांत तो ‘इंग्रजी की मराठी’ एवढ्यावरच मिटतो. माझ्या मते हिशेब दहावीपर्यंतचा धरावा.

आधी हक्काचं बोलू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. अल्पसंख्याक संस्था सोडून बाकी विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांना द्यायच्या, असं त्यात आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसींना उत्पन्नाची अट नाही. खुल्या प्रवर्गाला एक लाखाच्या आतला दाखला लागतो. जवळ, एक किलोमीटरच्या आत, सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, अशी पळवाट राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली होती. मुंबई उच्च न्यायालयानं ती १९ जुलै २०२४ ला रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. तेव्हा सोडतीत नंबर लागला तर ताठ मानेनं शाळेत जा. ती संस्थाचालकांची मेहरबानी नव्हे.

खासगी शाळेत फी माफ असते. पण ‘मोफत’चा अर्थ गेटच्या आत बदलतो. बूट, खासगी प्रकाशनाच्या पुस्तकांचा संच, ‘उपक्रम शुल्क’, गॅदरिंगचा ड्रेस, बसचं भाडं अशा पावत्या पुढे येतात. माफ केलेल्या फीपोटी सरकार शाळेला प्रतिपूर्ती देतं, तिची कमाल मर्यादा मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये. ती रक्कम थकते ही संस्थांची जुनी ओरड आहे आणि ती खोटीही नाही. मात्र तो वाद शाळेचा आणि सरकारचा. त्यापायी पालकांकडे फी मागता येत नाही. या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेला बसवायचं नाही, हेही नियमांत आहे. डबा कुणाशेजारी उघडायचा आणि वाढदिवसाला कुणाला बोलवायचं, याला मात्र नियम नसतो. घरी इंग्रजीचा अभ्यास घेणारं कुणी नसेल तर दुसरी-तिसरीतच शिकवणी लागते, तोही खर्च धरा.

झेडपीच्या शाळेत पाठ्यपुस्तकं, गणवेश आणि दुपारचा आहार मिळतो. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीवर शाळा व्यवस्थापन समितीची नावं रंगवलेली असतात, तो फलक वाचाच. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, अशी कायद्याची अट आहे. विनाअनुदानित शाळेला अशी समिती लागत नाही. तिथे आरटीईचा पालक तक्रार करतो तो एकटाच. समानतेच्या बाजूनं मला झेडपीचं हे पारडं जड वाटतं.

अडचण शिक्षकांची. शाळेचा पट किती आणि चार वर्गांना शिक्षक किती, हे तिथे जाऊन मोजा. एकच शिक्षक असेल आणि तोही सारखा निवडणूक-सर्वेक्षणाच्या कामाला जात असेल, तर समितीच्या नावांचा काही उपयोग नाही. विसापेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची हालचाल सरकारनं २०२३ मध्ये सुरू केली, तेही ध्यानात असू द्या. उलट शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीसारख्या झेडपीच्या शाळेत प्रवेशासाठी लोक रांग लावत होते. म्हणून ‘झेडपी’ या पाटीवरून काहीच ठरवू नका.

आता आठवीनंतरचं. आरटीईची फीमाफी तिथे संपते. नववीला त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी, नाहीतर मुलाला शाळा बदलावी लागते, कधी कधी माध्यमसुद्धा. झेडपीची मुलं गावातल्या किंवा शेजारच्या अनुदानित हायस्कूलला जातात, तिथे खर्च बेताचा. शिवाय आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. पण ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. आरटीईतून खासगी शाळेत शिकणारं मूल तितकंच गरीब असलं तरी त्याला बसता येत नाही. हे कुणी प्रवेशाच्या वेळी सांगत नाही.

माझा कौल असा. घरात अभ्यास घेणारं माणूस आहे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि नववीची फी पेलेल असं वाटतं, तर आरटीई घ्या. यातलं एक जरी नसेल आणि झेडपीत वर्गागणिक शिक्षक असेल तर झेडपी. गावची शाळा एकशिक्षकी असेल तर जवळच्या अनुदानित शाळेची चौकशी करा, या दोन्हींच्या भांडणात ती विसरली जाते.

फॉर्म भरायचाच असेल तर नकाशावर घराची खूण घराच्याच जागी लावा. शाळा जवळ दिसावी म्हणून ती सरकवली की पडताळणीत प्रवेश रद्द होतो. आणि आरटीईचा प्रवेश एकदा घेऊन सोडला तर त्या मुलासाठी पुन्हा अर्ज करता येत नाही.