अस्थिमज्जेतील प्रतिकारपेशींची ओळख: फ्लो सायटोमेट्री की इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री?

तीव्र ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णाच्या अस्थिमज्जेत ब्लास्ट म्हणजे अपरिपक्व कर्कपेशींच्या गर्दीतून टी, बी आणि एनके या प्रतिकारपेशी वेगळ्या ओळखायच्या असतील, तर वेगाच्या बाबतीत फ्लो सायटोमेट्री सरस ठरते. सुईने ओढलेल्या मज्जेतील हजारो पेशी लेझरसमोरून एकेक करून जातात आणि सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९, सीडी५६ अशा अनेक खुणा (पेशीची ओळख पटवणारी प्रथिने) प्रत्येक पेशीवर एकाच वेळी वाचल्या जातात. टी-पेशींच्या ल्युकेमियात ब्लास्टवरही टी-पेशींच्या खुणा असू शकतात, त्यामुळे निरोगी पेशी वेगळ्या काढण्यासाठी हे एकत्रित वाचन फार मोलाचे आहे. मात्र नमुन्यात रक्त मिसळले, तर टी पेशींचे प्रमाण फसवे वाढते. शिवाय नाशिकहून नमुना मुंबई-पुण्याला पाठवायचा असल्यास तो, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, जपून आणि शक्यतो २४ तासांत पोहोचवावा लागतो.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत ऊतीच्या पातळ कापावर प्रतिपिंडांच्या मदतीने अशाच खुणा रंगवून पाहतात. त्यासाठी घेतलेला हाडाचा तुकडा (बायोप्सी) फॉर्मेलिनमध्ये टिकतो, पण त्यातील कॅल्शियम काढावे लागत असल्याने निकालाला काही दिवस लागतात आणि एका काचपट्टीवर सहसा एकदोनच खुणा दिसतात. तरीही सीडी८ खूण असलेल्या टी पेशी ब्लास्टच्या घोळक्यात शिरल्या आहेत की कडेलाच थांबल्या आहेत, हे इथेच कळते.

मोजणीसाठी माझी पसंती फ्लोलाच आहे. मज्जा ओढूनही येत नसेल, तेव्हा मात्र बायोप्सीचाच आधार घ्यावा.