गिरणी कामगार पूर्वजाचा माग: आधी जनगणना की जन्मदाखला?

माझ्या बायकोचं माहेर इंग्लंडच्या लँकशायरमधलं ओल्डहॅम. तिचे खापरपणजोबा जॉन तिथल्या कापडगिरणीत सूत कातायचे. ना मृत्युपत्र, ना जमीन, ना थडग्यावर दगड. अशा माणसाचा शोध घ्यायचा तर घरबसल्या हाताशी येतात ती मुख्यतः दोन साधनं: दर दहा वर्षांची जनगणना आणि जुलै 1837पासूनची जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी. पैसे आधी कशावर घालावेत, एवढाच प्रश्न.

जनगणनेत अख्खं घर एका पानावर दिसतं. कोण गिरणीत, कोण शाळेत, माळ्यावर भाडेकरू कोण. 1911चा तक्ता तर कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती गेली, सगळं त्यात असतं. पणजोबांचं अक्षर पाहून बायको बराच वेळ गप्प बसली होती. वयं पुढेमागे होतात, 1841मध्ये तर मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, पण त्याची सवय होते.

मला जड गेलं ते वेगळंच. जनगणनेत बाईचं माहेरचं आडनाव नसतं. 1861मध्ये ओल्डहॅमला एकाच नावा-आडनावाचे दोन जॉन निघाले. दोघे सूत कातणारे, वयात वर्षाचा फरक, आणि दोघांच्याही बायका मेरी! एक अख्खा हिवाळा मी 1871, 1881 असा चुकीच्या जॉनमागे गेलो. शेवटी पणजोबांचा जन्मदाखला मागवला. आईचं माहेरचं आडनाव त्यावर होतं, आणि गुंता त्या दिवशी सुटला.

दाखल्यांचे तोटे आहेतच. प्रत्येकाला वेगळे पैसे. इंग्लंडच्या मृत्युदाखल्यावर प्रौढ माणसाच्या आईवडिलांची नावं सहसा नसतात. 1875पूर्वी काही जन्म नोंदलेच गेले नाहीत. तुमच्या पूर्वजाचं आडनाव दुर्मीळ असेल तर जनगणनेपासून सुरुवात केली तरी बहुधा चालेल. पण आडनाव पैशाला पासरी असेल तर मी आधी एक जन्मदाखला घेईन. मग जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कार्यालयाच्या, ऑनलाइन सूचीत त्या माहेरच्या आडनावाने भावंडं शोधेन. या शोधाला पैसे पडत नाहीत. छापील सूचीत हे आडनाव 1911पासूनच मिळतं, या सूचीत थेट 1837पासून.

1861ची जनगणना 7 एप्रिलला झाली. त्याच आठवड्यात अमेरिकेत यादवी पेटली, पुढे कापूस येईना आणि लँकशायरच्या गिरण्या थंडावल्या. 1871च्या जनगणनेत हे कुटुंब दुसऱ्याच गावात दिसतं. मधल्या दहा वर्षांचं काहीच कळत नाही. सूचीत मात्र 1863ची एक मुलगी सापडली. त्याच वर्षी तिचा मृत्यू, वयाच्या जागी शून्य. दोन्ही जनगणनांत ती नाही. तिचाही दाखला मागवला. त्यावर त्या वर्षीच्या घराचा पत्ता आहे, आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात मेरीने केलेली फुली.