ट्रम्पेटवाल्याच्या घरात युफोनियम (सात महिन्यांनंतर)

परवा तासगावच्या वरातीत माझ्या युफोनियमची (ट्रम्पेटपेक्षा मोठा, खालच्या सुराचा पितळी बाजा) तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या कळेची आत-बाहेर सरकणारी नळी, गळून डांबरावर पडली आणि मागच्या जनरेटरच्या गाडीखाली जाता जाता वाचली. सात महिन्यांपूर्वी हीच स्लाइड दोन माणसांनी ओढूनही हलत नव्हती. तेव्हा हा अनुभव म्हणजे मुख्यतः एका स्लाइडची कथा आहे, हे आधीच सांगतो.

मी मूळचा ट्रम्पेटवाला. आठवीपासून वाजवतोय, सध्या सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दुसरा बाजा घेतला तो हौसेपेक्षा हिशेबानं. ट्रम्पेटवाले आमच्याकडे गल्लीला चार आहेत. युफोनियमवाला आजारी पडला की आमच्या बँडचे मास्तर मिरजेपर्यंत फोन फिरवत बसतात. "तू खालचा बाजा धर, सुपारी रिकामी जाणार न्हाई," असं ते म्हणाले आणि जूनमध्ये मी मेरठ बनावटीचा, तीन कळांचा, जुना युफोनियम 9,500 रुपयांना घेतला. नव्या जपानी बाज्याची किंमत विचारली होती. ती ऐकून आईनं चहाचा कप खाली ठेवला.

बोटांची काळजी करू नका. दोन्ही बाजे बी फ्लॅटचे, म्हणजे कळ न दाबता मूळ सूर बी फ्लॅट. युफोनियमचा भाग ट्रम्पेटसारखाच जी क्लेफमध्ये (वरच्या सुरांच्या लिपीत) लिहिलेला मिळाला, तर कळा त्याच. नळी साधारण नऊ फुटांची, म्हणजे ट्रम्पेटच्या दुप्पट, त्यामुळे सगळं एक सप्तक खाली वाजतं, एवढंच. पहिल्याच संध्याकाळी दोन आरत्या वाजवल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, हा आवाज बरा आहे, डोक्यात जात नाही. (ट्रम्पेटबद्दल सहा वर्षांत त्यांनी चांगला शब्द काढलेला नाही.)

आता स्लाइड. पहिली-तिसरी कळ एकत्र दाबली की सूर चढा लागतो, हे तीन कळांच्या कुठल्याही बाज्याचं जन्मजात दुखणं. तिन्ही दाबल्यावर तर आणखी चढा. महागड्या युफोनियमला त्यासाठी चौथी कळ असते, नाहीतर ब्लेकली नावाच्या ब्रिटिश माणसानं 1874 साली काढलेली जादा नळ्यांची सोय असते. माझ्या ट्रम्पेटला तिसऱ्या स्लाइडवर बोट अडकवायची कडी आहे. त्या सुराला ती बाहेर सारायची की झालं. इथं कडी नाहीच, आणि स्लाइड पार आत जाऊन बसलेली. पहिली-तिसरी दाबून खालचा डी धरला की मोबाइलच्या ट्यूनरचा काटा उजव्या टोकाला. (ट्यूनर सी दाखवतो, घाबरू नका, बी फ्लॅटच्या बाज्यावर लिहिलेला डी वाजतो सीच.) मी ओठ सैल सोडून सूर खाली ओढायचो, तो घोगरा व्हायचा. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "आरं, बाज्याला नावं ठेवू नगं, तुझा दम कमी पडतोय." महिनाभर मी दमच वाढवत बसलो.

मग तेल घातलं, कोमट पाण्याचं फडकं गुंडाळलं, सुती पट्टा ओवून हिसके दिले. ढिम्म. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्याला गेलेली चीर बुजवणारे हात आहेत, सतारीची जवारी काढून देणारे आहेत, पण पितळी बाज्याला हात लावणारा मला एकही सापडला नाही. ऑगस्टअखेर बाजा विकायला काढला होता. गिऱ्हाईक 6,000 च्या वर सरकेना, म्हणून तो घरी राहिला. माझ्या निष्ठेमुळे नव्हे.

शेवटी भांड्यांना डाग देणाऱ्या एका तांबटाकडे नेला. त्यांनी सांधा हलकासा तापवला, लाकडी हातोडीनं टिचक्या मारल्यासारखं गोल फिरून ठोकलं आणि स्लाइड बाहेर आली. आतून निघाली राखाडी, वाळलेली माती. बोटाला लागली तशी ओळखली. 2019 चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना तो गाळ दाखवावा लागत नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "पाणी फक्त पेटीला लागलं होतं." पितळ आतून हिरवं कळकलेलं होतं. तांबटांनी ते घासून काढलं, आणि इथंच पुढची भानगड झाली, कारण घासताना थोडं जास्तच निघालं. तीन महिने स्लाइड नीट बसली. नोव्हेंबरच्या लगीनसराईत खालचा डी जागेवर लागला तेव्हा मास्तरांनी मागं वळून पाहिलं. बोलले काही नाहीत. त्यानंतर ती हळूहळू सैल होत गेली.

ओठांबद्दल माझं मत दोनदा बदललं. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास सोळा-सतरा मिलिमीटर, युफोनियमचा पंचवीसच्या पुढं. जुलैत ट्रम्पेटचा वरचा जी पार गेला. वाटलं, चांगल्या हाताची माती केली. चूक माझीच होती. आधी तासभर युफोनियम, मग सुजलेल्या ओठांनी ट्रम्पेट. आता सकाळी घाटावर ट्रम्पेट, दहा मिनिटं विश्रांती, मग युफोनियम. वरचा जी परत आला, आणि एका श्वासात पूर्वीपेक्षा लांबची ओळ निघते. मास्तर म्हणाले त्यात दमाचं तेवढं खरं होतं. पण परीक्षेच्या महिन्यात दोन्ही होत नाहीत. मी तेव्हा युफोनियम बंद ठेवला, कळा चिकटल्या.

बाकी किरकोळ. जुन्या माउथपीसचा मुलामा उडाला होता, उघड्या पितळेनं ओठ चरचरायचे, म्हणून नवा घेतला. पाणी काढायच्या चावीचं बूच गळत होतं, तिथं स्लिपरचा रबर कापून बसवला, तो मूळच्यापेक्षा बरा चालतो. पेटी एसटीत मांडीवर मावत नाही.

खर्च: बाजा 9,500, माउथपीस 1,400, तांबट 450, तेल आणि व्हॅसलीन 250. एकूण 11,600. कमाई: 700 च्या तेरा सुपाऱ्या, 9,100. अजून 2,500 अंगावर आहेत. ट्रम्पेटवर तीन वर्षं पक्की झाली असतील आणि जवळपास युफोनियमवाला कमी असेल तर घ्या. पहिल्या वर्षी असाल तर उसना मागून महिनाभर वाजवा, विकत नको. आणि घेताना तिन्ही स्लाइड स्वतःच्या हातानं, कळ दाबून, बाहेर काढून आत डोकावून पाहा. विकणारा चहा आणायला गेला की लगेच.

सध्या तिसऱ्या स्लाइडला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली आहे. तांबट नळी फुगवून द्यायचे आणखी 200 मागतायत. मी दीडशेवर अडलोय.