उरफाटं कुळे: 12 मिलिमीटरच्या सांध्यांसोबत आठ महिने

घरातल्या मॉडेल रेल्वेवर फेब्रुवारीत चार विकतचे सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) बसवले, मे संपेपर्यंत दोन घरी केले. आता पावसाळा आणि चवथ दोन्ही उरकल्यावर लिहितोय, कारण नवेपणी सगळेच सांधे गुणी असतात. खरी परीक्षा गोव्याच्या जुलैत.

मुरगाव ते कॅसल रॉक ही वाट 1880 च्या दशकात मीटरगेजने घातली गेली आणि नव्वदच्या दशकात रुंद होईपर्यंत तशीच राहिली. मला तीच करायची होती, कुळ्याचं स्टेशन आणि घाटाची सुरुवात. माझं मॉडेल एच-ओ प्रमाणातलं, म्हणजे 1:87. हजार मिलिमीटरला 87 ने भागलं की साडेअकरा येतात, म्हणून या कामाला 12 मिलिमीटरचा एच-ओ-एम रूळ वापरतात. नेहमीचा एच-ओ रूळ 16.5 चा. मधल्या साडेचार मिलिमीटरांनी माझा खिसा कापला.

16.5 चा साधा सांधा मला मुंबईत 2,200 रुपयांना, उभ्या उभ्या मिळाला असता. 12 चा विचारला तर दुकानदाराने 5,600 सांगितले, वर आगाऊ रक्कम आणि तीन महिने थांबा. त्याचीही चूक नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70, आणि स्केल मॉडेलं त्याच शीर्षकाखाली येतात. शिवाय असे सांधे मागणारे आम्ही असे कितीसे! पेको, टिलिग आणि बेमो हे तिघेही 12 मिलिमीटरचा माल करतात, पण आपल्याकडे तो फळीवर पडून कोण ठेवणार?

शेवटी गोव्याचा हमखास उपाय: शेजारचा मुलगा बोटीवर असतो. त्याने साउदॅम्प्टनहून पेकोचे चार आणले, एक साधारण 3,100 रुपयांना पडला. पेटी उघडली तर तीन डावे, एक उजवा. मी दोन-दोन सांगितले होते. दुकानात उजवा एकच उरला होता म्हणे, आणि बिचाऱ्याने रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा मिळेल ते उचललं. हाताशी जे होतं त्यावर यार्डाचा आराखडा फिरवला आणि माल-सायडिंग उलट्या बाजूला गेली. रेल्वेत सांधेवाले म्हणून निवृत्त झालेले काका बघायला आले, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, ‘हें कुळें न्हय रे, उरफाटें कुळें.’

सांधे म्हणून हे पेकोवाले उत्तम. जीभ, म्हणजे सांध्याचा हलणारा टोकदार रूळ, बोटाने ढकलली की आतली स्प्रिंग टक् करून तिला जागेवर धरते, मोटर नसली तरी चालतं. जून उजाडेपर्यंत माझी एकही तक्रार नव्हती.

मग हवा ओली झाली. जिभेला वीज मिळते ती बाजूच्या मुख्य रुळाला टेकून, नुसत्या स्पर्शाने. रूळ निकेल सिल्व्हरचा, गंजत नाही, पण दमट हवेत त्यावर काळसर पापुद्रा धरतो आणि तो स्पर्श दगा देतो. चवथीला माटोळीखाली पोरं जमली, गाडी सुटली आणि इंजिन दुसऱ्या सांध्यावर मेलं. बोटाने ढकललं की चालायचं, परत मरायचं. पाहुण्यांसमोर रेल्वेमंत्री झाल्यासारखं वाटलं.

उपाय स्वस्त निघाला. सांधा उपटून उलटा केला, मुख्य रुळापासून जिभेपर्यंत केसासारखी बारीक तार डागली, आणि फ्रॉगची (दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या तुकड्याची) वीज स्पर्शाच्या भरवशावर न ठेवता मायक्रोस्विचवर टाकली. चारही सांध्यांना मिळून दोन संध्याकाळ गेल्या. हे बसवण्याआधी केलं असतं तर तासाभराचं काम होतं. खडी चिकटवून झाल्यावर सांधा उपटणं म्हणजे दात काढणं.

मधल्या काळात एक चोरवाट करून पाहिली. टीटी या 1:120 च्या स्केलचा रूळही 12 मिलिमीटरचाच, आणि 2022 मध्ये हॉर्नबी-पेको त्यात उतरल्यापासून त्याचे सांधे मिळायला सोपे झालेत. एक मागवला. रुळाचं अंतर जुळतं, पण स्लीपर 1:120 चे, माझ्या डब्याखाली काडेपेटीतल्या काड्या पसरल्यासारखे. रूळही ठेंगणा, 1.4 मिलिमीटर, माझा 1.9. जोडाशी अर्ध्या मिलिमीटरची पायरी, ती घासून बसवावी लागते. तो आता कोपऱ्यातल्या शेडमागे, झाडांच्या आड आहे.

ज्यांना घाई नाही त्यांना मी घरी करायला सांगेन. कारण टंचाई सांध्याची आहे, रुळाची नाही. एच-ओची 75 कोडची (म्हणजे 1.9 मिलिमीटर उंच रुळाची) लवचिक पट्टी घ्यायची, प्लॅस्टिकच्या स्लीपरमधून दोन्ही रूळ ओढून काढायचे. तोच रूळ 12 मिलिमीटरलाही चालतो. तांब्याचा पत्रा असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या कापून स्लीपर करायचे, रूळ त्यावर डागायचे, जिभा कानशीने घासून पातळ करायच्या. माझा एक सांधा सामानासकट 700 रुपयांत पडला, जीभ हलवायला सव्वाशेची सर्व्हो मोटर वेगळी. पहिल्याला दोन रविवार लागले, दुसऱ्याला एक. पहिला जोडला आणि अख्खं यार्ड शॉर्ट! प्रत्येक स्लीपरवरचं तांबं मधोमध कापून तोडावं लागतं, मी एक विसरलो होतो. मल्टीमीटरचं टोक एकेका स्लीपरला लावत तो शोधण्यात रात्रीचा एक वाजला. बायकोने विचारलं, ‘सांधे तुमचे दुखतात की रुळांचे?’

दिसायला ते विकतच्यांइतके सुबक नाहीत, खिळ्यांच्या खुणा नाहीत, जवळून डाग दिसतात. पण जिभेला वीज मुळातच तारेने दिलेली, त्यामुळे पावसाळ्यात घरचे दोन्ही एकदाही अडले नाहीत.

उजवे दोन अजून हवेतच. शेजारचा मुलगा डिसेंबरात पुन्हा बोटीवर चढतोय. यावेळी चिठ्ठीवर सांध्याचं चित्र काढून दिलंय, वळणाच्या बाजूला लाल बाण.